मिशरी, दुपटे आणि आईची कूस
(व्यसनमुक्ती विषयावरील भाषण)



सप्तव्यसने आपल्याला बालपणापासून पाठ आहेत. त्या यादीत नाव नसलेल्या एका सवयीविषयी आज बोलणार आहे. ती सवय म्हणजे मिशरी. कापडाच्या व्यापाऱ्याने हा विषय का घ्यावा, ते ओघाने येईलच.

भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने हाती येते आणि मग सुटत नाही. गरोदरपणीही अनेक भगिनी ती लावतात. तिच्यातील निकोटीन वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचते. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मिशरी वा अन्य तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अपुऱ्या दिवसांची बाळेही त्यांच्यात अधिक होती. अडीच किलोच्या जिवाला १०५ ग्रॅम थोडे नव्हेत.

आमच्या विठ्ठलवाडीच्या दुकानातील एका कामगाराच्या घरी असेच हलके बाळ आले. किरकिरे, दचकणारे, दूध ओढताना थकणारे. कोणी खुळखुळा वाजवी, कोणी गालगुच्चा घेई, टीव्ही चालूच. बाळ तोंड फिरवी. मीही त्या सूनबाईंना मिशरीवरून चार शब्द सुनावले. त्या दिवसापासून ती बाळ सासूकडे देऊन दूर बसू लागली. व्यसनाविरुद्ध बोललो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात बाळाची आईच मी त्याच्यापासून दूर केली होती.

बालरोगतज्ज्ञांनी पुढे समजावले, की सारे मिशरीमुळेच असे म्हणता येत नाही, कमी वजनाची बाळे पुष्कळदा अशीच वागतात. तोंड फिरवणे, जांभई, उचकी, बोटे ताणणे म्हणजे बाळाचे ‘आता पुरे’. तेव्हा थांबावे. दिवा मंद ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट करावी; बोलत असू तर झुलवू नये. आईने उघड्या छातीशी धरावे. बाळाने पाहिले की हळू बोलावे, मग गप्प राहून त्याच्या हुंकाराची वाट पाहावी. अफू, हेरॉइन घेणाऱ्या मातांची बाळे जन्मानंतर थरथरतात. तेथेही डॉक्टर आज औषधाआधी शांत खोली व आईची कूसच सुचवतात. दुपट्यात गुंडाळावे, मात्र पाय हलतील इतके सैल, आणि झोपवावे उताणे. (कापड मलमलच हवे, हे मात्र माझे मत!)

मलमलची दोन दुपटी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. क्षमापना आपण संवत्सरीला करतो. मी ती आषाढातच केली. मिशरी सुटली का, हे विचारले नाही. दिवाळीला गेलो तेव्हा बाळ आईच्या मांडीवर ‘अंऽ अंऽ’ करीत होते, आणि ती त्याचे पूर्ण ऐकून घेऊन मगच उत्तर देत होती.