वादळाच्या आधीचा दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, यंदा वर्धापनदिनाला लोणची-पापडांवर बोलू नका, काही निराळे सांगा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहण्याची सवय नाही; चुकले-माकले तर सांभाळून घ्या. पण पत्र्याच्या घरात बरीच वर्षे संसार केला आहे, त्यामुळे वारा म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. तेव्हा वादळ येणार असे कळल्यावर घरातल्या बाईने काय करावे, तेवढेच बोलणार आहे.

तुमच्यातल्या कोणी म्हणतील, आपल्याला वादळाचे काय? तालुका अर्धा कालव्यावरचा, अर्धा जिरायती; पावसाची वाट पाहण्यातच आपला जन्म जातो, आणि समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे. मीही लग्न होऊन जळोचीला आले तेव्हा हेच ऐकले. पण गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडून पाहा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुरंदरकडे पाऊस कोसळला, नाझरे धरणातून पाणी सुटले आणि एरवी कोरडी दिसणारी आपली कऱ्हा अशी फुगली की बारामतीत नदीकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. ३ जून २०२० ला निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, घाट चढून वर आले, आणि आपल्याच जिल्ह्यात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला तर मोठी नवलाई झाली. बंगालच्या उपसागरातले वादळी पावसाचे ढग आंध्रात किनाऱ्याला लागले आणि तेलंगण, सोलापूर करीत थेट आपल्यावर आले. इंदापूर, बारामती, दौंड सगळीकडे पाणीच पाणी. म्हणजे पश्चिमेचा समुद्र घाटाने अडवला असे म्हणावे, तर पूर्वेचा मागच्या दाराने आला! आणि दर चैत्र-वैशाखातला आपला वळीव तर आहेच. तो अर्धा तासच येतो, पण पत्रे, केळी आणि आंबे एकदमच घेऊन जातो.

माझी धाकटी बहीण श्रीवर्धनच्या बाजूला असते. मेहुणे तिकडे प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. निसर्ग आले तेव्हा ती दोन मुले आणि म्हातारी सासू यांच्यासह तिथेच होती. तिने पुढे जे सांगितले त्यातून मी पुष्कळ शिकले, म्हणून तिचे थोडे सांगते.

आदल्या दिवशी कर्ण्यावरून सांगत फिरले की, कच्च्या घरातल्यांनी शाळेत यावे. कोरोनाचे दिवस, माणूस माणसाजवळ बसायला भीत होता, तरी लोक गेले. बहिणीने सकाळपासून काय केले पाहा. दुधात पीठ मळून दशम्या केल्या. दशमी दोन-तीन दिवस टिकते, पाणी घालून केलेली भाकर दुसऱ्या दिवशी कडक होते, हे आपल्याला माहीतच आहे. शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, फुटाणे बांधले. हंडे, कळशा, बादल्या, अगदी कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवला, कारण वीज गेली की मोटर बंद आणि मोटर बंद की नळ कोरडा. रेशनकार्ड, आधार, बँकेची पुस्तके, मुलांचे दाखले, सासूच्या गोळ्या हे सगळे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकीत एक घालून, पोटाशी बांधले. गॅसचा रेग्युलेटर बंद केला, विजेचे मेन बटण खाली ओढले आणि कुलूप लावून शाळेत गेली. दुपारी वादळ आले. तिच्या घराची कौले गेली आणि मागच्या पडवीवर आंबा पडला. माणसे सगळी शाबूत.

त्यानंतरचे दिवस मात्र अवघड गेले. मोबाईल मुके झाले. ती सुखरूप आहे हे आम्हांला पाचव्या दिवशी कळले. ते पाच दिवस आमच्या आईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. वीज तर कित्येक गावांत काही आठवडे आली नाही. यंत्रातून पैसे निघेनात, म्हणून ज्याच्याकडे दहा-वीसच्या नोटा होत्या तोच श्रीमंत. तेव्हापासून मी पिठाच्या डब्याखाली थोड्या सुट्या नोटा ठेवते. (घरच्यांना ही जागा आजच कळली असेल!) श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव सगळीकडे आहे, त्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड धरायला सहा-सात वर्षे लागतात. आपल्याकडे उसाचे नुकसान एका वर्षाचे असते, बागेचे तसे नसते. इंदापूरकडच्या डाळिंबवाल्या बायांना हे सांगायला नको.

आता आपल्या घरांकडे येऊ. पत्रा कसा उडतो ते नीट समजून घ्या. वारा पत्र्याला वरून दाबीत नाही, उचलतो. वरून वेगाने गेलेला वारा पत्रा वर ओढतो, आणि वाऱ्याकडचे दार उघडे राहिले तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही मिळाले की पत्रा गेलाच. म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवायच्या, वाऱ्याकडचे दार तर आडणा घालून. वारा एकीकडून येऊन दुसरीकडून निघून जाईल म्हणून समोरासमोरची दारे उघडी ठेवा, असे सांगणारी शहाणी माणसे भेटतात. त्यांचे ऐकू नका. दुसरे, पत्र्यावर दगड ठेवायची आपली रीत. त्याने पत्रा राहत नाही आणि दगड मात्र खाली येतो, तोही माणसाच्या डोक्यावर. त्यापेक्षा अक्षय्य तृतीयेच्या आधी एकदा शिडी लावून हूक आणि वायसर तपासून घ्यावेत, गंजलेले बदलावेत आणि वळचणीच्या कडेचा पत्रा जाड तारेने अँगलला बांधावा. उडायला सुरुवात कडेपासूनच होते. हे काम पुरुषाचे खरे, पण आठवण बाईने केल्याशिवाय ते होत नाही.

ज्यांची घरे जुनी, मातीच्या भिंतींची आणि धाब्याची आहेत, त्यांचे संकट निराळे. ती वाऱ्याला दाद देत नाहीत, पण पाणी पितात. आणि भिंत पाऊस चालू असतानाच पडते असे नाही. उघडीप झाल्यावर, ऊन पडल्यावर, सगळे निर्धास्त झाले की पडते. फुगलेल्या भिंतीशेजारी खाट टाकू नये, पोराचा पाळणा तर नाहीच नाही. नव्या भिंतीचाही भरवसा धरू नये. १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळली आणि पावसापासून आडोसा म्हणून तिच्याशी बसलेली माणसे गेली.

जनावरांचे एक वाक्यात सांगते: दावे सोडा. पत्र्याच्या गोठ्यात, झाडाखाली किंवा विजेच्या खांबाजवळ बांधलेली गाय पळू शकत नाही. मोकळे जनावर आपला जीव आपण वाचवते. दोनशे रुपयांचे दावे वाचवायला लाख रुपयांची गाय घालवू नये.

इशाऱ्याचे रंग आता लहान मुलांनाही पाठ आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. विजांसाठी पुण्याच्या हवामानशास्त्राच्या संस्थेने दामिनी नावाचे अ‍ॅप काढले आहे. शेतात खुरपायला जाणाऱ्या बायांच्या टोळीत निदान एकीच्या मोबाईलवर ते असावे. चक्रीवादळाच्या बाबतीत आणखी एक फसवी गोष्ट आहे. मधला गाभा, त्याला वादळाचा डोळा म्हणतात, तो डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, आकाशही उजळते. माणसाला वाटते संपले, आणि तो उडालेले पत्रे गोळा करायला बाहेर पडतो. मग वारा उलट्या दिशेने येतो, तितक्याच जोराने. आपल्याकडे डोळा यायची शक्यता कमी, पण लेकी-सुना कोकणात, मुंबईला आहेत, त्यांना सांगून ठेवा.

आता जे सांगण्यासाठी मी खरे तर उभी राहिले ते सांगते.

माझी मुलगी बारामतीच्या कॉलेजात शिकते. तिने मला वाचून दाखवले. २९ एप्रिल १९९१ ला बांगलादेशात मोठे चक्रीवादळ आले. सव्वा लाखाहून जास्त माणसे मेली, आणि त्यांत बाया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. का? तर इशारा कळला होता, पण घरधनी बाहेर होता. त्याला न विचारता घर कसे सोडायचे? परक्या पुरुषांच्या गर्दीत आसऱ्याला कसे जायचे? पोरे, म्हातारी, कोंबड्या कोणावर टाकायच्या? या विचारात त्या थांबल्या आणि पाणी आले. मुलगी वाचत होती आणि मी भाकरी थापायची थांबले. कारण हे बांगलादेशचे नव्हे, आपल्या गल्लीचे वाटले.

ओरिसाचे दुसरे उदाहरण आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात तिथे सुमारे दहा हजार माणसे वादळात गेली. २०१३ मध्ये त्याच राज्याच्या किनाऱ्यावर फायलिन आले. या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते, आणि मरणारांचा आकडा शंभराच्या आत राहिला. घरे दोन्ही वेळी पडली. फरक पडला तो माणसे आत होती की नव्हती याचा.

आपल्याकडे माणसे घर का सोडत नाहीत? भीती वाटत नाही म्हणून नव्हे. लाज वाटते म्हणून. शेजारी दिराचा स्लॅबचा बंगला आहे, पण दहा वर्षे बांधावरून बोलणे बंद आहे. ज्या जावेच्या हातचे पाणी पीत नाही तिच्या ओसरीवर पोरे घेऊन कसे जायचे? उद्या ती चार बायांत म्हणेल, शेवटी आल्याच की माझ्या दारात! भगिनींनो, मी असे घर पाहिले आहे. नावे घेत नाही. मे महिन्यातल्या एका वळवात पत्रे गेले, बाई पोराला पोटाशी धरून पिठाच्या कोठीआड बसली, आणि दहा पावलांवर दिराचे घर होते. दैवयोगाने वाचली. तिला मी दोष देत नाही. मी म्हणते, दोष द्यायचा तर स्लॅबच्या घरातलीला द्यावा. जिचे घर पक्के आहे तिने ढग दिसताच दार उघडून हाक मारली पाहिजे. येणारीला विचारावे लागू नये. हाक गेली की लाज राहत नाही. ‘बोलावले म्हणून आले’ असे म्हणता येते, आणि आपल्यात तेवढे पुरते.

आणि घरचे पुरुष कामावर, बाजारात, कारखान्यावर असतील तर त्यांची वाट पाहू नये. हे आज, पाऊस नसताना, जेवताना बोलून ठेवावे: लाल इशारा आला की मी पोरांना आणि आत्याबाईंना घेऊन अमक्याच्या घरी जाईन, तुम्ही तिथेच या, ओढ्याला पाणी असेल तर पलीकडेच थांबा. आमच्या घरी मी बोलले. घरचे थोडे गप्प राहिले, मग म्हणाले, कुलपाची एक किल्ली माझ्याजवळ देऊन ठेव. एवढ्यावर परवानगी झाली.

घरात कोणी पोटुशी असेल आणि दिवस भरत आले असतील, तर तिला एक दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावे. वादळ गेल्यावर तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, मुलांना जाऊ देऊ नये. पाणी उकळूनच प्यावे. आणि पंचनामा होईपर्यंत पडझड तशीच ठेवावी, निदान मोबाईलवर फोटो तरी काढावेत. आपण बाया पाहुणा यायच्या आधी अंगण झाडतो तशा पडलेले घरही झाडून काढतो, आणि मग साहेब विचारतात, नुकसान कुठे आहे? मदतीसाठी पोलिसांचा ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हे दोन नंबर पाठ असू द्यात, कारण लिहिलेला कागद ऐन वेळी सापडत नाही.

मी मंडळाच्या कार्यकारिणीकडे एक मागणी केली होती, ती मान्य झाली आहे. दाराशी चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर पक्क्या घरांची नावे लिहायची आणि किती माणसे मावतील ते. उजव्या पानावर पत्र्याच्या आणि मातीच्या घरांची, त्यांत लेकरे किती, म्हातारी किती, अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का. मग चिटणीसबाई प्रत्येक उजव्या नावासमोर एक डावे नाव लिहितील, आणि भावकीचे भांडण कुठे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, त्याची काळजी नको. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा करावा.

आमची पुढची एक खोली आता स्लॅबची झाली आहे. डाव्या पानावर पहिले नाव मी लिहिले आहे: माणसे नऊ, शेळ्या ओट्यावर.