वेळा खऱ्या टाका

आजपासून इंजिनीअर म्हणवून घेणाऱ्या मुलामुलींनो,

माझी उमेदीची सगळी वर्षं रस्त्यांच्या कामावर गेली. म्हणून आज बोलायला माणूसही रस्त्यावरचाच घेतला आहे. मेजर रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे. 1940 साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. 1947च्या डिसेंबरात अधिकारी झाले आणि चारच महिन्यांत, काश्मीरच्या युद्धात, नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा करण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं.

रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत जाणाऱ्या राण्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला त्यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र जास्त आवडतं. ते वाचताना साइटवरची रोजनिशी हातात आल्यासारखं वाटतं.

8 एप्रिल 1948, सकाळी 11. उखळी तोफांचा मारा सुरू झाला. सुरुंग काढणाऱ्या तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे. तुकडी पुन्हा उभी केली, काम सुरू. बारवालीची टेकडी हाती आली तशी रणगाड्यांसाठी डायव्हर्जन काढायला घेतलं, रात्री दहापर्यंत. 9 तारखेला सकाळी सहा ते दुपारी तीन, तेच काम. मग रस्त्यात चिडाची झाडं आडवी टाकलेली, ती उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. पुढे मोरी फोडलेली. मशिनगन चालू असतानाच बाजूने वाट काढली. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठे चीड आडवे आणि भोवती सुरुंग. अंधार पडत होता, ताफ्याच्या प्रमुखांनी मुक्काम करायला लावला. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच झाडांपाशी. साडेसहाला वाट मोकळी.

पुढची नोंद मात्र मला सगळ्यांत मोठी वाटते. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे रस्त्यावरच राहिले. मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या, आणि त्यांना रस्ताच हवा होता. रात्री नऊपर्यंत, पोटात अन्न नाही, क्षणाची उसंत नाही. 11 तारखेला सकाळी 11 वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरी रात्री दहापर्यंत पुढचं काम चालूच. 12 तारखेला राजौरी आपल्या ताब्यात आली.

आपल्याकडे उद्घाटनाची गाडी गेली की काम संपतं. पहिल्याच नोकरीत हे तुम्हाला कळेल. त्या दिवशी मागून येणाऱ्या ट्रकची आठवण ठेवा.

राणे 1968 साली निवृत्त झाले, 1994मध्ये पुण्यात वारले.

साइटवर गेलात की रोजनिशी दुसऱ्याकडून भरून घेऊ नका. स्वतः लिहा, आणि वेळा खऱ्या टाका.