माघवारीची वाट



आषाढात भातलावणीमुळे कोकणातील शेतकऱ्यास शेत सोडवत नाही. म्हणून त्यास माघी वारी सोयीची. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, मिरजमार्गे पंढरपूर सुमारे ३०० किलोमीटर भरते. पहाटे थंडीने अंग काकडते, दुपारी डांबरी सडक पाय भाजते. तळव्यांस फोड येतात, टाचा भेगाळतात. रात्री मुक्कामी दिंडीतील कोणी भिरंडेल पातळ करून त्या भेगांत भरतो. ज्याचे पाय मांडीवर घेतले त्याची जात तो विचारीत नाही. हे दुःख एकट्याने सोसवत नाही. दिंडीत सोसवते, ते यामुळेच.

याच जिल्ह्यात पालगड येथे जन्मलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरीस १० दिवस उपोषण केले. अस्पृश्य मानलेल्या बांधवांस विठ्ठलमंदिर खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती.

आम्ही ज्ञातिबांधव स्वजातीच्या मुलांस साहाय्य करितो, हे योग्यच होय. परंतु वाटेत ज्याने आमचे पाय चोळले, त्याच्या लेकरासही त्या साहाय्यात वाटा असावा. वारी पंढरीस संपत नाही. ती घरच्या उंबऱ्यापर्यंत यावी, हीच आमची नम्र विनंती.