माळ्यावरची सायकल रस्त्यावर

बऱ्याच वर्षांनी सायकल काढायची म्हटलं की धास्ती वाटते ती तोल जाण्याची. तोल अंगात मुरलेला असतो. दगा देतं ते रबर. पडून राहिलेल्या टायरची नक्षी शाबूत दिसते. पण हवा काढून त्याची कड चिमटीत वाकवा, बारीक भेगा उघड्या पडतील. असा टायर ट्यूबसकट बदलावा.

नवा घेताना मात्र जपून. रॉड ब्रेकच्या जुन्या काळ्या सायकलचा टायर 28 इंची, आणि आजच्या 700सी चाकालाही कित्येकदा 28 इंचीच म्हणतात. प्रत्यक्षात टायर बसतो त्या जागी पहिल्या रिमचा व्यास 635 मिलिमीटर, दुसऱ्याचा 622. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. जुना टायर सरळ दुकानात घेऊन जावा.

चेन मोजायला शाळेतली फूटपट्टी पुरते. चेन ताणून धरा. एका पिनेच्या मध्यापासून 12 इंचांवर पुन्हा पिनेचा मध्यच यायला हवा. पिन एक-सोळांश इंच पुढे गेली, तर चेन बदला. एक-अष्टमांश गेली, तर फ्रीव्हीलचे दातेही बहुधा झिजलेत.

लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, नवी रबरं घातली तरी. पावसात ब्रेक आधीपासून हलके दाबत राहावेत.

मला विचाराल तर गियरचा मोह नंतर. आधी सीट नीट करा: टाच पॅडलवर, पॅडल तळाशी, आणि पाय सरळ.