उमदेपणा खेळाडूचा, शिट्टी पंचाची



 ज्या प्रश्नावर बोलायला उभा आहे तो वसई-विरारच्या आणि पालघर जिल्ह्याच्या आपणा शिक्षक, पंच, प्रशिक्षक आणि पालकांसमोर दर हंगामात मैदानावर येतो. बारा-तेरा वर्षांचे मूल शर्यत जिंकते आणि फक्कीच्या रेषेवर पाय पडला म्हणून बाद होते. मूल रडू लागते. त्याचे शिक्षक धावत येतात, "सर, लहान आहे, जाऊ द्या ना." दुसऱ्या शाळेचे शिक्षक म्हणतात, "नियम म्हणजे नियम." पुढच्या शर्यतीत दुसऱ्या शाळेचा मुलगा बाद होतो आणि तेव्हा हेच दोघे एकमेकांचे वाक्य बोलतात. मुले दोन्ही वेळा ऐकत असतात.

माझे मत आधीच सांगतो. माफ करण्याचा अधिकार खेळाडूचा आहे, पंचाचा नाही.

१९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातला कसोटी सामना झाला. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. कपिल देव यांच्या चेंडूवर बॉब टेलर यष्टीमागे झेलबाद असल्याचा कौल पंचांनी दिला. स्लिपमध्ये उभे असलेले कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांना वाटले, चेंडू बॅटला लागलेलाच नाही. त्यांनी अपील मागे घेतले आणि टेलरना परत बोलावले. टेलर आणि इयान बोथम यांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या, इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो, पण तिच्यातला महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो. विश्वनाथ यांनी नियम वाकवला नाही. अपील मागे घेण्याची मुभा क्रिकेटच्या नियमांतच आहे. आणि त्या उमदेपणाची किंमत त्यांच्याच संघाने मोजली. पंचाने रडणाऱ्या मुलाला सोडून दिले तर पंचाचे काहीच जात नाही. जाते ते दुसऱ्या आलेल्या मुलाचे, जो रेषा सांभाळून धावला आणि म्हणून अर्धा क्षण मागे पडला. त्याच्या खिशातून दिलेल्या दानाला मी दया म्हणणार नाही.

पण मला कठोरपणाचा पुरस्कर्ता समजून घरी जाऊ नका. याहून जड बाजू पुढे आहे, आणि ती आपल्याच गावच्या मुलाची आहे.

पृथ्वी शॉ. विरारहून वडिलांबरोबर लोकलने वांद्र्याला सरावासाठी जाणारा मुलगा. नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून ५४६ धावा केल्या, तेव्हा तो नुकताच १४ वर्षांचा झाला होता. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटलिन सापडले. खोकल्याच्या औषधात असणारे, औषधाच्या दुकानात सहज मिळणारे द्रव्य. पण बंदी असलेल्यांच्या यादीतले. जुलै २०१९ मध्ये क्रिकेट मंडळाने आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. ती मागील तारखेपासून धरली गेली आणि १५ नोव्हेंबरला संपली. मुलगा १९ वर्षांचा होता.

हा निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. औषध खोकल्यासाठी घेतले, कामगिरी वाढवण्यासाठी नाही, हे मंडळाने स्पष्टपणे मान्य केले. तरीही बंदी आली, कारण उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूवर असते. हेतूचा विचार शिक्षेची मुदत ठरवताना होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाऊ शकली असती. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्याला सोडले असते तर पुढचा खरा गुन्हेगार हातात खोकल्याची बाटली घेऊनच आला असता.

मग चुकले कुठे? कोवळ्या वयापासून या मुलाभोवती किती मोठी माणसे होती याचा विचार करा. प्रशिक्षक, निवडसमित्या, संघांचे व्यवस्थापक, प्रायोजक, पत्रकार, आणि त्याचे फलक लावणारे आपण विरारकर. एवढ्या माणसांत "औषध घेण्याआधी विचार" हे वाक्य त्याच्या अंगात मुरेपर्यंत कुणी घोटून घेतले नाही, असाच अर्थ मी काढतो. शिक्षा नियमाप्रमाणे झाली, पण नियम शिकवण्याचे काम आधी आम्हा मोठ्यांचे होते आणि त्यासाठी आमच्यापैकी कुणाला एक दिवसाचीही बंदी झाली नाही. आज आपल्या शाळेतल्या किती मुलांना बंदी असलेल्या द्रव्यांची यादी असते हे तरी ठाऊक आहे?

नियम कडक लावायचा तर तो आपल्याला नीट ठाऊक हवा, हीसुद्धा मोठ्यांचीच जबाबदारी. फक्कीच्या रेषेचेच घ्या. वळणावर आतल्या रेषेवर पाय पडला की बाद, असे आपण वर्षानुवर्षे शिकलो. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने काही वर्षांपूर्वी तो नियम बदलला. वळणावर आतल्या रेषेला एकदाच पाऊल लागले तर आता बाद ठरवत नाहीत. जुनी पुस्तिका हातात घेऊन आपण एखाद्या मुलीला बाहेर काढत असू तर त्याला शिस्त म्हणता येणार नाही.

नियम ठाऊक असणे खेळाडूच्याही कामी येते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत १०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत भारताच्या ज्योती याराजीला चुकीच्या सुरुवातीसाठी लाल कार्ड दाखवले गेले. ती रडत बाजूला झाली नाही, तिने पंचाची कॉलरही धरली नाही. तिने हरकत घेतली. चित्रफीत पाहिली गेली; आधी हलली होती चीनची वू यान्नी. दोघींना हरकतीवरील निर्णय राखून धावू दिले, नंतर वू बाद ठरली आणि ज्योतीचे कांस्य रौप्य झाले. हरकत कशी घ्यायची हे तिला माहीत होते म्हणून नियम तिच्या बाजूने उभा राहिला. आपल्या मुलांना आपण पंचाच्या पाया पडायला शिकवतो, हरकत घ्यायला शिकवत नाही.

मोठ्यांच्या जबाबदारीतच येणाऱ्या वयाच्या दाखल्यांबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. आपल्या आधीच्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती अंदाजाने लिहिली. तो अज्ञानाचा काळ होता. आज १४, १७, १९ वर्षांखालील गटांत मूल बसावे म्हणून तारीख बदलली जाते, ती हिशोबाने. पुढे दहावी-बारावीचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण आहे. दाखला मोठी माणसे बनवतात. मनगटाचा एक्स-रे मुलाचा निघतो आणि बंदीही मुलावरच येते. क्रिकेट मंडळाने २०२० मध्ये एक चांगले पाऊल उचलले होते. ठरलेल्या मुदतीत स्वतःहून खरे वय सांगणाऱ्याला शिक्षा नाही, योग्य गटात खेळता येईल. त्यानंतर पकडला गेला तर दोन वर्षे बंदी. आधी दार उघडे ठेवायचे आणि मग कडी लावायची. ही पद्धत आपल्या तालुका स्पर्धांत याच वर्षी आणता येईल. मात्र त्यात दाखला देणाऱ्या प्रौढाचीही चौकशी व्हावी, असा माझा आग्रह आहे.

आणखी दोन गोष्टी मागतो. स्पर्धेच्या सकाळी नियम मुलांना त्यांच्या बोलीत समजावले जावेत. उसगाव-भाताण्याकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलाला वारलीत, नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या मुलाला गरज असेल तर हिंदीत. आणि बाद केलेल्या मुलाला पंचाने स्वतः त्या रेषेपाशी नेऊन पाऊल कुठे पडले ते दाखवावे. त्याला दोन मिनिटे लागतील. वेळापत्रक तेवढे थांबू शकते.

शेवटी एक ठराव मांडतो: हरकत घेण्यासाठी जिथे अनामत रक्कम भरावी लागते तिथे शालेय गटांपुरती ती रद्द व्हावी. पाड्यावरच्या शाळेतून मुलांना एसटीने घेऊन येणाऱ्या शिक्षकाकडे परतीच्या तिकिटापलीकडे पैसे असतातच असे नाही, आणि त्याच्या विद्यार्थ्याची हरकत तेवढ्यासाठी नोंदवली जाऊ नये हे मला मान्य नाही. दुपारच्या सत्रात हा ठराव सर्वांत आधी चर्चेला घ्यावा, अशी मी सभागृहाला विनंती करतो.