वेडेवाकडे दात आणि मोकळे हसू

(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही दंतवैद्य नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील लिपिक आहोत. तरीही आज दातांविषयी बोलायला उभे आहोत, कारण हा विषय आम्ही तीस-पस्तीस वर्षे तोंडात बाळगला आहे.

आमचे वरचे दात पुढे आलेले आणि खालचे एकमेकांवर चढलेले होते. शाळेत 'दातऱ्या' हेच आमचे नाव पडले. 'हसतील त्याचे दात दिसतील' ही म्हण ऐकली की आम्ही ओठ मिटून घेत असू. बँकेत काउंटरवर बोलताना हातरुमाल आपोआप तोंडाशी जाई. बढतीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालो, पण मुलाखतीस गेलोच नाही. घरी सांगितले की, बदली नको आहे. खरे कारण दात होते.

हा नुसता दिसण्याचा हट्ट आहे काय? शास्त्र तसे मानत नाही. १८९९ साली एडवर्ड अँगल यांनी दाढा एकमेकींवर कशा बसतात, त्यावरून वाकड्या दातांचे तीन वर्ग केले. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले की, दात किती वाकडे हे मोजून माणसाचा त्रास कळत नाही. १९९७ साली गॅरी स्लेड यांनी १४ प्रश्नांची प्रश्नावली मांडली. शब्द उच्चारताना अडचण येते का, खाताना त्रास होतो का, चारचौघांत संकोच वाटतो का, नेहमीची कामे अडतात का, असे ते प्रश्न. प्रत्येक उत्तरास ० ते ४ गुण. बेरीज जितकी जास्त, तितका जगण्याचा दर्जा खालावलेला. आम्ही ती भरून पाहिली. दुखण्याच्या प्रश्नांना आमचे गुण थोडे होते, संकोचाच्या प्रश्नांना भरपूर. आमचे दुखणे कोठे आहे, ते त्या दिवशी कळले.

एकेचाळिसाव्या वर्षी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, म्हणून दवाखान्यात गेलो. चढलेल्या दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही, तेथे कीट साचते आणि हिरड्या सुजतात. डॉक्टर म्हणाले, "हिरड्या आधी बऱ्या करू, मग तार लावू. वयाची आडकाठी नाही."

तारेचा दाब पडतो त्या बाजूचे हाड विरघळते, ओढ बसते त्या बाजूला नवे हाड तयार होते, आणि दात हळूहळू सरकतो. प्रौढपणी जबड्याची वाढ थांबलेली असते. म्हणून जबड्यातच मोठा दोष असेल, तर कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. आमचे तारेवर निभावले. दोन लहान दाढा काढाव्या लागल्या आणि दोन वर्षे लागली.

खरे सांगायचे, तर सुरुवातीस त्रास वाढतो. पहिला आठवडा आम्ही भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. गाल सोलले. सहकारी म्हणाले, "या वयात लग्न करता की काय?" तारा काढल्यावरही दात मागे फिरू नयेत, म्हणून रात्री पट्टी लावावी लागते. ती आम्ही आजही लावतो.

गेल्या वर्षी आम्ही मुलाखतीस बसलो. निवड झाली नाही. पण रुमाल खिशातच राहिला, हे आम्हांस पुरेसे वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, दोनच गोष्टी सांगतो. त्रास असेल, तर लाजू नका आणि कर्जही काढू नका. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तोवर दोन वेळा दात घासा, मिश्री व तंबाखू टाळा. वाकड्या दातांचा ज्याला काहीच त्रास नाही, त्याने लोकांसाठी ते सरळ करण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वर्गातल्या कुणाला 'दातऱ्या' म्हणू नका. आमचे दात दोन वर्षांत सरळ झाले, पण त्या एका शब्दाने मिटलेले तोंड उघडायला तीस वर्षे लागली.