नदीचे जाणकार आणि आपण
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात पन्हाळा येथे केलेले भाषण)



मी काही कीर्तनकार नव्हे. नोकरीची सगळी वर्षं नदीकाठच्या मोजपट्ट्या वाचण्यात गेली. तरी दिंडीच्या शताब्दीला मला बोलायला उभं केलंत, हे तुमचं प्रेम. तेव्हा नदीबद्दल, आणि नदीचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या जाणकारांबद्दल चार शब्द बोलतो.

आपल्या तालुक्यातनं कासारी वाहते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीचा संगम आपल्याला ठाऊकच आहे. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेत मिसळते आणि पुढं कर्नाटकात, रायचूरकडं, कृष्णेला भीमा भेटते. भीमा म्हणजे आपली चंद्रभागाच की! आपण चालत पंढरीला जातो, आणि आपल्या रानातलं पाणी पुढं वाहत जाऊन चंद्रभागेच्या पाण्याला भेटतं. म्हणून नदीची काळजी हा वारीच्या बाहेरचा विषय नाही.

आता एक चूक कबूल करतो. २०१९ चा ऑगस्ट. आमच्या नदीकाठच्या भावकीनं विचारलं, "तात्या, जनावरं हलवायची काय?" मी छातीठोकपणे सांगितलं, "२००५ च्या खुणेवर पाणी जात नाही." शेजारची एक म्हातारी म्हणाली, "आरं बाबा, ओढा उलटा व्हायला लागलाय." मी हसण्यावारी नेलं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माझ्या शब्दावर थांबलेल्या घरातली माणसं वाचली, पण दोन म्हसरं गेली. कुणी मला बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

म्हातारीचं बरोबर होतं. कृष्णा तुडुंब असली की वाडीजवळ पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. ते मागं फुगतं, ओढ्यानाल्यांत उलटं शिरतं. हे शास्त्र मला पाठ होतं. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी नुसता माझा अंदाज खात्री म्हणून सांगितला.

पालखीतला चोपदार आठवा. समाज आरतीला त्यानं चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, मालकांपुढं मांडतो. नदीच्या सल्लागाराचं काम असंच आहे. त्यानं मोजावं, शिस्तीनं सांगावं, आणि ज्याचा टाळ अजून वाजतोय त्याचं आधी ऐकावं. निर्णय त्याचा नव्हे; तो सरकारचा आणि ग्रामसभेचा.

ऐकायचं काम आपलंही आहे. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. मे २०२० मध्ये तिचा अहवाल आला. त्यात अतिवृष्टीवर बोट ठेवलं, नदीपात्रालगतची अतिक्रमणं दाखवली, आणि अलमट्टी धरणामुळं पूर आला असं म्हणता येत नाही, असं सांगितलं. अनेकांना ते पटलं नाही. पुढं रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडं हा प्रश्न अभ्यासाला गेला. शंका घ्यावी, पुन्हा मोजायला लावावं. त्यात गैर काही नाही. पण दोष दुसऱ्या राज्याच्या धरणाचा म्हटलं की बरं वाटतं, आणि ओढ्यात टाकलेल्या आपल्या भरावाचं नाव निघालं की अहवाल खोटा, हे बरं नव्हे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा तसंच चढलं, आणि या गडाचा मुख्य रस्ताच खचला. नदीनं आणि डोंगरानं कुणाची बाजू घेतली नाही.

म्हणून तीन कामं सुचवतो. पहिलं, प्रत्येक पुराची खूण तारखेसकट देवळाच्या भिंतीवर पक्क्या रंगानं लिहा. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला त्याहून चांगली वही मिळणार नाही. दुसरं, वारीला निघण्याआधी आपल्या बंधाऱ्याचे बरगे सगळे निघालेत का, आणि ओढ्यात भराव पडलाय का, हे पाहून जा. तिसरं, कुणीही सल्ला दिला, अगदी मी दिला तरी, तीन गोष्टी विचारा. कशावरून म्हणता? किती खात्री आहे? चुकलं तर कुणाचं बुडणार?

हा तिसरा प्रश्न त्या दिवशी मला कुणी विचारला असता, तर मी म्हणालो असतो, "जनावरं हलवा."

एवढं बोलून थांबतो. पुंडलिक वरदा हारी विठ्ठल!